खिडकीचा मधला दांडा

भिका नाना कुणाच्याही घरी गेले की आधी दाराशीच थांबत. बिजागरीला कान लावत, कडी दोनदा वाजवून बघत, उंबऱ्याशी उकिडवे बसून एका डोळ्यानं चौकट न्याहाळत आणि मगच घरमालकाला राम राम घालत. तोवर आतला चहा निवून जाई.

नाना सुतार नव्हते. कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले, धरणगावात आमच्या शेजारी एकटेच राहायचे. खिळा ठोकायला घेतला की हातोडी अंगठ्यावरच बसायची. पण झडप कशाला म्हणतात, तावदान कशाला, हे समोरचा विचारो न विचारो, सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. खिडकीच्या दोन झडपांमधला उभा दांडा तर त्यांचा जीव की प्राण. "लोके झडपास्ले रंग देतस, दांडाले कोन्ही इचारस नही," असं ते भर पंगतीत म्हणायचे.

धुळ्याला एका लग्नात नवरदेव कार्यालयाच्या दारात ओवाळून घेत होता आणि नाना त्याच्या बाशिंगाआडून वरची बिजागरी तपासत होते. करवल्यांना वाटलं, हे वरपक्षाचे कुणी मानकरी. त्यांनी नानांनाही ओवाळलं. नानांनी मान वळवली नाही.

अशा माणसाला आमचे आबा माझ्या बहिणीसाठी, मंदासाठी, शिंदखेड्याचं घर बघायला घेऊन निघाले; सोबत मीही होतो. आधीची दोन स्थळं फिस्कटली होती आणि हा मुलगा मंदाच्या मनात भरला होता. आईनं नानांना बजावलं, "नाना, आज फक्त माणसं बघा."

तिथं पोहे झाले, चहा झाला, बोलणी रंगात आली आणि नाना दिसेनात. ते थेट स्वयंपाकघरात सापडले. खिडकीच्या दोन्ही झडपा मधल्या दांड्याला खिळ्यांनी ठोकून टाकलेल्या होत्या.

"मांजरी दुधाले येतस," मुलाचे वडील म्हणाले.

"दांडा झडपा टेकाले ऱ्हास, ठोकाले नही," नाना म्हणाले. "पहिले खिळा काढा. मंग पोरनं बोलू."

मुलाचे वडील लालबुंद झाले. "तुम्ही पोर देवाले उनात का सुतारकाम कराले?"

आबा टोपी काढून घाम पुसू लागले. माझ्या डोळ्यांपुढे मंदाचा चेहरा आला. तिसरंही स्थळ गेलं, असं मी धरूनच चाललो.

तेवढ्यात चुलीपाशी पदर सावरून बसलेली मुलाची आई पहिल्यांदा बोलली. "मी भी कधीनं हाईच सांगस!"

मग मुलगा उठला, पक्कड घेऊन आला आणि एकेक खिळा उपटू लागला. झडपा करकरत उघडल्या. समोरच्या ओट्यावर धान्य निवडणारी म्हातारी खिडकीतून मुलाच्या आईला बघून दचकली आणि मोठ्यांदा म्हणाली, "काय वं माय, तू आठेच ऱ्हास का?" सगळे हसले, मुलाचे वडीलसुद्धा. सुपारी तिथंच फुटली.

परतीच्या एसटीत आबा खुशीत होते, पण राग जिरला नव्हता. "नाना, एका खिडकीपायी माझी पोर घरात बसली असती."

नानांची एकुलती एक मुलगी पुष्पी धुळ्याकडच्या एका खेड्यात दिली होती, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

"पुष्पीना टाईमले मी जमीन देखी, विहीर देखी, पोऱ्या देखा," ते म्हणाले. "रांधानी खोली देखी नही. तठे खिडकीच नही. माहेरले येस तवय दोन दिन मना घरनी खिडकीपाशीच बठस. काहीच बोलस नही."

आबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

नानांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मंदा माहेरले उनी का, आबा, घरभर फिराले पाहिजे. खिडकीपाशी बठाले नको."