अकरा उलटे, एक सुलटा

१९४१च्या ऑगस्टात आमच्या देशाला असं आढळून आलं की आपल्याकडे तेल नाही. तसं ते आधीही नव्हतं. पण ज्या अमेरिकेकडून आपण ते विकत घेत होतो तिनं विकणं बंद केल्यामुळे ही गोष्ट आता अधिकृत झाली.

मी तोक्योत इंधन नियोजन खात्यात कारकून होतो. खात्याचं काम तेल मोजणं. तेल संपत चाललं तसं काम कमी व्हायला हवं होतं. ते वाढलं, कारण थोडं तेल पुन्हापुन्हा मोजावं लागतं.

त्याच आठवड्यात आमच्या घरी ओनुमाकाकू आल्या. गल्लीतल्या दहा घरांचा मिळून एक शेजारसंघ होता, त्याच्या त्या प्रमुख. अंगात पांढरा एप्रन, त्यावर आडवा पट्टा, हातात यादी.

"उसामी, तुमच्याकडे लोखंडी किटली आहे."

"आहे."

"विचारत नाहीये, वाचून दाखवतेय. दीड किलो, झाकणासकट. देशाला लोखंड हवंय."

"देश लोखंड आणायचा कुठून?"

"बरंचसं अमेरिकेकडून. आता तुमच्याकडून."

किटली माझ्या बायकोची होती. मित्सुए फेब्रुवारीत गेली. लग्नात मोरिओकाहून, माहेरून, तिनं ती मांडीवर घेऊन आणली होती. पाणी उकळायच्या बेताला आलं की त्या किटलीतून बारीक गुणगुण यायची. मित्सुए म्हणायची, "आतून घासू नका हं, तिचा आवाज जाईल." ती गेल्यावरही मी रोज संध्याकाळी शेगडीवर पाणी ठेवायचो आणि दोन पेले काढायचो. एक परत ठेवायचो.

"सूट नाही का काही?" मी विचारलं.

काकूंनी यादी उलटसुलट पाहिली. "अत्यावश्यक खात्यातल्या माणसाला एक वस्तू ठेवता येते. साहेबांची चिठ्ठी आणा. थांबते मी थोडे दिवस. मित्सुएनं माझ्या मुलीच्या लग्नातले किमोनो शिवले होते, आठवतंय मला."

आमचे साहेब कुरोइवा. सज्जन माणूस, पोटाचा विकार, टेबलावर कायम पावडरीची पुडी. त्यांनी मला बोलावून एक प्रश्न दिला. वरून आला होता. अमेरिकेशी युद्ध केलं तर तेल किती पुरेल?

मी दोन दिवसांत उत्तर नेलं. "दीड वर्ष, साहेब."

"आणि नाही केलं तर?"

"तीन वर्षं. बेतानं वापरलं तर."

"म्हणजे दोन्हीकडून संपणारच."

"हो."

"मग युद्ध करण्यापुरतं तेल आहे तोवर युद्ध केलेलं बरं. उशीर केला तर युद्धाला तेल उरणार नाही. असं वरचे म्हणतात."

"पण साहेब, युद्ध कशासाठी करायचं?"

"तेलासाठी."

मी म्हणालो, "आपण वर्षभरात जेवढं पोलाद काढतो तेवढं ते लोक महिन्यात काढतात."

"माहीत आहे. तो तक्ता मीच केलाय." साहेबांनी पुडी तोंडात टाकली. "वरच्यांना दीड वर्ष पसंत नाही. त्यांना पाच हवीत. दक्षिणेच्या बेटांवर तेल आहे ते आपण घेणार. ते यात धरा."

"ते अजून घेतलेलं नाही."

"म्हणून तर ते सगळं शिल्लक आहे."

"आणायला जहाजं लागतील, जहाजांना तेल लागेल."

"आणलेल्यातून घालायचं."

"पण ते आणण्याआधी—"

"उसामी, तुम्ही आकडे मांडता की आकड्यांशी भांडता?"

मी दक्षिणेचं तेल धरलं. सव्वातीन वर्षं झाली. सोयाबीनचं तेल धरलं, माशांचं धरलं, साडेतीन झाली. मग एका संध्याकाळी वरून नवा रकाना आला. त्याचं नाव होतं 'राष्ट्राचं मनोबल'. हा रकानाही किलोलिटरमध्ये भरायचा होता.

"मनोबल किलोलिटरमध्ये कसं मोजायचं, साहेब?"

"कमी किती पडतंय?"

मी सांगितलं.

"तेवढं."

अशा रीतीनं आमच्या देशाला पाच वर्षं पुरेल इतकं तेल झालं. प्रस्ताव तयार झाला आणि शिक्क्यांसाठी निघाला.

आमच्या कचेऱ्यांत प्रस्तावाला कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हटलं की आधी ज्यानं हो म्हटलं त्याचा अपमान होतो. प्रस्ताव टेबलावरून टेबलावर जातो, त्याच्या पहिल्या पानावर डकवलेल्या चिठ्ठीवर जो तो आपल्या नावाचा शिक्का लाल शाईत बुडवून मारतो. खालच्या माणसानं आपला शिक्का वरच्याच्या शिक्क्याकडे किंचित कलता मारायचा, म्हणजे कागदावरही नमस्कार घडतो. आणि एखाद्याला अगदीच पटलं नसेल तर त्यानं शिक्का उलटा मारायचा, डोकं खाली. त्यावर कुणी बोलत नाही. फक्त वरच्याला कळतं की हा माणूस झोपेत नव्हता. माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीत असे शिक्के मी तीनच पाहिले होते, आणि त्यातला एक चष्मा विसरलेल्याचा होता.

पहिला शिक्का मसुदा करणाऱ्याचा, म्हणजे माझा. मी शाईची डबी उघडली आणि शिक्का डोकं खाली धरला.

"थांबा," साहेब म्हणाले. "तुम्ही सुलटा मारायचा."

"साहेब, मनोबल मीच भरलंय. मला पटलं असं कसं दाखवू?"

"समजून घ्या. सगळ्यात खालचाच उलटा असला तर प्रस्ताव या खोलीबाहेर जात नाही. मग वर असं दिसेल की कुरोइवाला माणसं सांभाळता येत नाहीत. तुमचा सुलटा असला की मग वरच्यांना उलटा मारायची मोकळीक. विरोध करायला कुणीतरी बाजूनं असावं लागतं."

त्यांनी खणातून एक चिठ्ठी काढून पुढ्यात ठेवली. त्यावर लिहिलं होतं, अत्यावश्यक कर्मचारी, एक लोखंडी किटली, सूट. खाली शिक्का मारायचा राहिला होता.

मी पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते.

मी सुलटा मारला. साहेबांनी चिठ्ठीवर मारला. किटली वाचली. त्या संध्याकाळी तिची गुणगुण ऐकताना मी मित्सुएला सगळं सांगितलं. काळजी नको, वर अकरा साहेब आहेत, ते बघतील, असंही सांगितलं.

प्रस्ताव नोव्हेंबरात मंजूर होऊन परत आला. साहेबांनी मला बोलावलं. त्यांचा चेहरा पुडीच्या रंगाचा झाला होता.

"उसामी, हे काय केलंत?"

शिक्क्यांची चिठ्ठी प्रस्तावाच्या पहिल्या पानावर डकवलेली होती. तिच्यावर बारा शिक्के होते. अकरा सुलटे. एक उलटा. उलट्यावर माझं नाव होतं.

"मी सुलटा मारला होता, साहेब. तुमच्यासमोर."

"तेच मला कळत नाहीये," साहेब म्हणाले, आणि त्यांनी आपला शिक्का पुन्हा एकदा वाचला.

मी तडक बांधणी विभागात गेलो. तिथे शिनोहाराबाई होत्या. सगळ्या इमारतीत त्यांच्याइतकं नीटनेटकं कुणी नव्हतं. त्यांनी बांधलेल्या फायलीची कडा पट्टीसारखी सरळ असायची.

"बाई, ही चिठ्ठी तुम्ही डकवलीत?"

"मीच. चुकीची लागली होती, नीट केली."

"चुकीची म्हणजे?"

"उलटी हो. कागद वाचवायचा म्हणून चिठ्ठीवर छापील मथळे बंद केलेत ना, हुद्दा नाही, खण नाही, जो तो मिळेल तिथे मारतो. वर कुठलं नि खाली कुठलं, शिक्क्यांवरूनच ओळखायचं. बघितलं तर अकरा शिक्के डोकं खाली आणि एक वर. मग मी सोडवली, फिरवली आणि परत लावली. खळ वाळायला दुपार गेली."

"बाई, उलटा शिक्का म्हणजे विरोध."

"मला शिकवताय? एक उलटा असेल तर विरोध. अकरा उलटे असतील तर चिठ्ठी उलटी. अकरा साहेबांना जी गोष्ट पटलेली नाही ती माझ्या टेबलापर्यंत येईल कशी?"

"आणि बारावा?"

त्यांनी शिक्का वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. "अकरा साहेब चुकले की एक कारकून, असा प्रश्न होता. मी बावीस वर्षं इथे आहे, उसामी."

मी प्रस्ताव उचलला.

मी परत येऊन साहेबांना सांगितलं. एकेका शिक्क्यावर बोट ठेवून त्यांनी शिक्क्यांची चिठ्ठी हळूच फिरवली.

"म्हणजे सगळ्यांनीच," ते म्हणाले.

"तुमचाही उलटा?"

"माझाही. मला वाटलं, वरचे उपप्रमुख थांबवतील. ते कडक आहेत." उपप्रमुखांचा शिक्का त्यांच्या बोटाखाली होता. "त्यांना वाटलं असेल, प्रमुख थांबवतील."

"मग सांगा ना वर. अजून वेळ आहे."

"मंजूर प्रस्ताव परत मागवायला नवा प्रस्ताव लागतो."

"करतो मसुदा. आत्ता करतो."

"त्याला बारा शिक्के लागतील, उसामी. आणि त्यात लिहावं लागेल की अकरा वरिष्ठांचा विरोध होता, पण कुणी बोललं नाही. यावर कोण सुलटा मारेल?"

"मी."

"तुमचा आता चालत नाही. तुम्ही विरोधक आहात."

चार दिवसांनी माझी अत्यावश्यकता काढून घेण्यात आली. किटलीची चिठ्ठी रद्द झाली. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ओनुमाकाकू हातगाडी घेऊन आल्या. गाडीत कढया होत्या, देवळाची घंटा होती, कुणाच्या तरी खिडकीचे गज होते.

"तुम्ही विरोध केलात म्हणे," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही केला हो. तीच तर चूक झाली."

"जाऊ दे. बोलू नका मोठ्यानं." त्यांनी किटली आपल्याजवळच्या फडक्यात गुंडाळली आणि गाडीत वरच्या बाजूला ठेवली. घंटेला लागून तिचा आवाज झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओनं सांगितलं की युद्ध सुरू झालं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पाच वर्षांचं तेल पाच वर्षं पुरलं नाही. मनोबल मात्र शेवटपर्यंत रकान्यात तेवढंच होतं.

हरल्यावर कचेऱ्यांनी आपापली कागदपत्रं जाळली. आमची फाईल जळली नाही, कारण जाळण्याचा प्रस्ताव अजून शिक्क्यांसाठी फिरत होता. ती अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हाती लागली आणि सेहेचाळीसच्या मार्चात मला बोलावणं आलं. एक उंचच उंच तरुण अधिकारी होता, आणि शेजारी आमच्याकडचाच एक दुभाषा.

"साहेब विचारतायत," दुभाषा म्हणाला, "तेल नाही, लोखंड नाही, आणि एवढ्या मोठ्या देशाशी लढायला निघालात, ते कशामुळे?"

मी सगळं सांगितलं. अकरा जणांचा विरोध होता, मी एकट्यानं संमती दिली होती, किटलीसाठी. शिनोहाराबाईंची खळही सांगितली.

दुभाष्यानं वही मिटली. "काका, विनय चांगला असतो. पण एवढा विनय त्यांच्या भाषेत बसत नाही." मग तो अधिकाऱ्याकडे वळून चार शब्द बोलला. अधिकारी उठला आणि त्यानं माझा हात हातात घेतला.

अकराही जणांना सरकारी नोकरीतून काढून टाकण्यात आलं. कुरोइवासाहेब आता उएनोला स्टेशनाबाहेर भाजलेली रताळी विकतात. मी गेलो की मोठं रताळं देतात आणि माझ्याकडे पाहत नाहीत. मला खात्यात प्रमुख केलं.

मग जूनमध्ये एक दिवस ओनुमाकाकू आल्या. एप्रन तोच, पट्टा नवा. त्यावर शांततेबद्दल काहीतरी लिहिलं होतं.

"गल्लीच्या तोंडाशी एक शिळा उभारायची ठरलीय. 'युद्धाला एकट्यानं विरोध करणारे उसामी इथे राहतात'. शेजारसंघाचा ठराव आहे, नऊ घरांचे शिक्के झालेत. तुमचा राहिलाय."

मी कागद घेतला. नऊच्या नऊ शिक्के उलटे होते. शिळेसाठी ठरलेल्या जागी तेव्हा सगळ्यांनी मिळून भोपळे लावले होते.

"काकू, हे सगळे उलटे आहेत."

"तुम्ही कागद उलटा धरलाय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तो फिरवून दिला.

मी शिक्का हातात घेऊन बसलो. मग काकू म्हणाल्या, "आणि हो, आठवलं. वॉर्ड कचेरीच्या मागे तो गोळा केलेल्या लोखंडाचा ढीग अजून तसाच आहे. वितळवायला तेल कुठे होतं? काल बघून आले. मोरिओकाची एक किटली आहे त्यात, झाकणासकट. हे एवढं झालं की आणून देते."

मी शिक्का मारला. कसा, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

काकू शब्दाला पक्क्या. दुसऱ्या दिवशी किटली आली. साडेचार वर्षं पावसात पडून तळाला भोक पडलं आहे, पाणी टिकत नाही. मी ती रोज संध्याकाळी शेगडीवर रिकामीच ठेवतो आणि दोन पेले काढतो. बाहेर शिळेपुढे शाळेतली मुलं ओळीनं येऊन वाकून नमस्कार करतात.

तुम्हीही विचारणार, तुम्ही लोक असे कसे गेलात युद्धाला. विचारा. मी दोन्ही वेळा किटलीसाठी मारला, ते मी सांगून टाकलं. गेल्या महिन्यात तुमच्या दारी जो कागद फिरत आला होता त्यावर तुम्हीही शिक्का मारलात. तो कशासाठी, ते अजून कुणी विचारलेलं नाही.