भिवामामांची आठवी फोड

पंगतीला सात माणसं झाली की आमचे भिवामामा आठवा माणूस शोधायला रस्त्यावर जात. पानं वाढलेली, पोटात कावळे ओरडताहेत, आणि मामा राहू गावच्या रस्त्यावर उभे. कधी मीटर वाचायला आलेला माणूस धरून आणला, कधी रोपं विकणारा. एकदा कासुर्डीच्या लग्नाचा पत्ता विचारायला थांबलेल्या गृहस्थालाच बसवलं. त्याचा मुहूर्त हुकला, पण आमचं कलिंगड बरोबर वाटलं गेलं.

भानगड कलिंगडाचीच होती. मामा ते निम्मं करत, निम्म्याचं निम्मं करत, पुन्हा त्याचं निम्मं. आठ फोडी. त्या आठ जणांतच जायला हव्यात. बाकी उरलेली मामांना खपत नसे.

"आठ कसा गुणाचा! निम्मा कर, पाव कर, कुरकुर न्हाई. सात म्हंजी आडमुठा. एक आन् सोता सोडून कुणाचा भाग लागू देत न्हाई."

शाळेत अशा आकड्यांना मूळ संख्या म्हणतात. मामांकडे ते सगळे आडमुठे. मी एकदा म्हणालो, "मामा, मग तीन आणि पाचही आडमुठेच की."

"ते ल्हान हायेत. सुधारतील."

माझं गणित मामांनी पक्कं केलं. मी सुट्टीत शिरूरहून राहूला जायचो. मामा पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणून घेत, आणि उत्तर आल्याशिवाय भाकरी ताटात पडत नसे.

"बारा पाऊण?"

"नऊ, मामा."

"घे."

मामी चुलीपाशी बसून बोटांनी खूण करायच्या. मामांना ते दिसायचं. ते मुद्दाम छताकडे बघत.

आज मी पन्नाशीला आलोय. माल मोजून घेण्याच्या नोकरीत एका नगाचा फरक मला सहन होत नाही, तो गुण मामांचा. मामी चार वर्षांपूर्वी गेल्या. मामांना मुलं दोन. थोरला दिलीप रांजणगावला कारखान्यात, त्याची सुट्टी दर गुरुवारी, म्हणजे सातव्या दिवशी. धाकटा संतोष कुरकुंभला. तिथली यंत्रं कधी थांबत नाहीत, त्यामुळे त्याची सुट्टी सरकती, दर आठव्या दिवशी. दोघंही सुट्टीला न चुकता राहूला येतात. पण बहुतेकदा एक येतो तेव्हा दुसरा कामावर.

गेल्या उन्हाळ्यात माझी मुलगी सई माझ्याबरोबर राहूला आली. सहावी नुकतीच संपवलेली, लसावि म्हणजे हातचा मळ. मामांनी तिला जवळ बसवलं.

"सई, सात आन् आठ, दोघांचा मेळ कवा बसतो?"

"लसावि ना, आजोबा? छप्पन."

"त्याच्या आधी कुठं बसतोय का बघ."

तिने वहीत आडवेउभे भागाकार केले. "नाही बसत. सात मूळ संख्या आहे ना."

"आडमुठा," मामा म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं.

मग माझं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं. एका गुरुवारी पेन्सिलीचा गोल. मी पानं उलटून दिवस मोजले. पुढचा गोल छप्पन्नाव्या दिवशी. सणवार सोडले तर वर्षातून सहा वेळा, बाकी एकोणतीस दिवस. मी हिशेब दोनदा तपासला. मामा कुठेच चुकले नव्हते.

पहिला गोल त्याच आठवड्यातला होता. सईने हट्ट धरला, म्हणून आम्ही राहिलो. गुरुवारी दोन्ही भाऊ बायकांना घेऊन आले. अंगणात मामांनी कलिंगड पुढ्यात घेतलं. मी सवयीने डोकी मोजली. मामा, दोन मुलगे, दोन सुना, मी आणि सई. सात!

मी चपला शोधू लागलो. "मामा, बघतो रस्त्यावर कुणी आहे का."

"कुणी नगं. बस खाली."

निम्मं, पाव, अर्धपाव. आठ फोडी झाल्या, सात वाटल्या, एक ताटात उरली. सगळे तिच्याकडे बघत बसलो. मामांनी सुरी चौथ्यांदा उचलली, फोडीचे दोन भाग केले, एक दिलीपच्या पानात ठेवला, एक संतोषच्या.

"आजोबा," सई म्हणाली, "त्या दोघांना सोळावा भाग जास्त गेला. वाटणी सारखी नाही झाली."

मामांनी सुरी धोतराच्या टोकाला पुसली.

"व्हय," ते म्हणाले. "छप्पन दिवसांचं हाय ते."