चित्रकथाकार बेपत्ता, भांडी मात्र जागेवर

‘माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही, आणि सुटलीच तर ती मी सोडलेली असते,’ असं भावजी भेटेल त्याला सांगतात. ते स्वघोषित गुप्तहेर. मी त्यांचा मेहुणा, म्हणून बिनपगारी सहायक.

त्या दिवशी आम्हाला शूटिंगवर बोलावणं आलं. सिनेमा इस्पितळातल्या एका कारकुनावर होता. गळका नळ, चुकलेली बस, बायकोशी अबोला असल्या विषयांवर हा गृहस्थ चित्रकथा लिहायचा आणि झेरॉक्स काढून हातोहात खपवायचा. मासिकांनी त्याला कधी दारात उभं केलं नाही. आता त्याच्याच घरात त्याच्यावर सिनेमा निघत होता, आणि सकाळपासून तोच गायब होता.

“आज करारावर त्याची सही मिळाली नाही तर उद्यापासून काम बंद,” निर्मात्या बाई म्हणाल्या.

भावजींनी टेबलावरचा कप हुंगला. “अपहरण. चहा अर्धा आहे, म्हणजे माणूस पुरा गेला.”

“चपला इथेच आहेत, भावजी.”

“म्हणजे उचलून नेलंय.”

मग कळलं, नायिकाही दिसत नाही. अपहरणाचं लगेच पळून जाणं झालं. नायिका गच्चीवर संवाद पाठ करताना सापडली, तेव्हा संशय प्रतिस्पर्धी चित्रकथाकारावर गेला. असा कोणी नव्हताच.

“यावरून ओळख, किती धूर्त असेल,” भावजी म्हणाले.

आत स्वयंपाकघरात दिग्दर्शक वैतागला होता. “कट. अहो, चेहऱ्यावर लेखक दिसू द्या. तुम्ही नुसती भांडी घासताय.”

इतक्यात लेखकाची बायको कामावरून आली. भावजींनी तिला खुर्ची दिली. “वहिनी, मन घट्ट करा.”

तिने त्यांच्या खांद्यावरून आत डोकावलं. “अहो, ते मोठं पातेलं राहिलं.”

“घासतो,” सिंकपाशी उभा असलेला नायक म्हणाला.

खरा नट बाहेर गाडीत झोपला होता. सकाळी लेखक सवयीने भांड्यांपाशी उभा राहिला होता, तोच दिवे लागले आणि कोणीतरी त्याच्या तोंडाला पावडर फासली.

“बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“मूक प्रसंग आहे म्हणाले.”

“मी यांच्यावर पहिल्यापासून नजर ठेवून होतो,” भावजी म्हणाले. त्यांची पाठ अजून स्वयंपाकघराकडेच होती.

नटाला उठवून आणलं. पहिल्याच टेकमध्ये दिग्दर्शकाचे डोळे पाणावले. “हा खरा लेखक.”

खरा लेखक हात पुसत कॅमेऱ्यामागे बायकोशेजारी येऊन उभा राहिला. आपली भांडी दुसरा कोणी घासतोय, हे तो अगदी मन लावून बघत होता.

“स्वच्छ घासतो हो,” बायको हळूच म्हणाली. “करून टाका सही.”