तिकडची वेळ

घड्याळजींच्या घरात भिंतीवर चार घड्याळं होती. एक घरचं आणि तीन अमेरिकेची. परदेशी मुलांना परवडतील आणि वर शिष्यवृत्तीही देतील अशी तीन विद्यापीठं लेकीने वर्षभर डोळे फोडून शोधली होती. घड्याळजींनी हौसेने तिन्ही गावांच्या वेळा लावल्या. दोन ठिकाणांहून नकार आले, तशी ती घड्याळं मुकाट्याने खाली उतरली. उरलं एक. शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं, नाहीतर नाही.

तिथली मुलाखत ठरली सोमवारी, तिकडच्या सकाळी दहाला.

"मोबाईलवर बघून ठेव गं वेळ," आई म्हणाली.

"बाबांचं घड्याळ असताना मोबाईल कशाला?"

घड्याळजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सोमवारी त्या घड्याळात दहा वाजले, इस्त्रीचे कपडे घालून बसलेल्या लेकीने संगणक उघडला, तर समोर कुणीच नाही. फक्त निरोप: 'आम्ही बराच वेळ वाट पाहिली. आता बारा वाजले.'

"बाबा, तुमचं घड्याळ दोन तास मागे आहे!"

"शक्यच नाही! हिवाळा आला म्हणून कालच तिकडे सगळ्यांनी घड्याळ तासभर मागे घेतलंय. मी आठवणीने काटा मागे घेतलाय."

"अहो, मी तुमच्या आधीच घेतला होता!"

दोघांनी आईकडे पाहिलं. आई धुतलेला पेला पुन्हा पुसत होती.

"तुम्ही दोघं विसरभोळे. म्हटलं, आपणच करावं. दुखऱ्या गुडघ्याने स्टुलावर चढले मी!"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे तर तिघे शहाणे होते.

लेक रडायला लागली. घड्याळजींना फार वाईट वाटलं. पण त्याआधी क्षणभर, अगदी क्षणभर, बरं वाटलं होतं. पोरगी आता घरातच राहणार होती. त्या बरं वाटण्याची त्यांना इतकी लाज वाटली की ते ओरडलेच, "रडतेस काय? जसं झालं तसं लिही त्यांना. बापाची चूक म्हणून लिही!"

लेकीने सगळं लिहिलं, आईच्या गुडघ्यासकट. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'उद्या दहाला बोलू. तोवर कृपया घड्याळाला कुणी हात लावू नये.'

शिष्यवृत्ती मिळाली. लेक गेली.

पुढे एकदा एक जुनं गिऱ्हाईक घरी आलं आणि भिंतीकडे बघून हसायला लागलं. "काय घड्याळजी, तुमच्याच घरातलं घड्याळ बंद?"

खरंच, घरचं घड्याळ सव्वाचारवर थांबलं होतं. घड्याळजी ओशाळले.

"अगं, हे कधी बंद पडलं?"

"कुणास ठाऊक," बायको म्हणाली. तिची नजर शेजारच्या घड्याळावर होती. "अहो, सात वाजले. उठली असेल बघा."