उपसमितीचे आठ कान

डोळे मिटता येतात, तोंड मिटता येतं, मूठ तर माणूस मिटूनच जन्माला येतो. पण कान मिटायची सोय निसर्गाने केलेली नाही. ही त्रुटी ध्यानात आल्यावरच कारखानदारीची खरी वाढ झाली असावी.

खोपोलीजवळ साजगावला लोखंड तापवून, ठोकून त्याचे मोटारींचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता. (नाव देत नाही, आपल्याबद्दल आवाज झालेला त्या कारखान्याला खपत नसे.) त्याच्या हॅमर शॉपमध्ये सकाळी सातला घण पडायला लागे, तो मिनिटाला अठरा वेळा. शेजारच्या शेतातल्या म्हशींनी पहिल्या वर्षी दूध चोरलं, दुसऱ्या वर्षी त्या पूर्ववत दूध देऊ लागल्या. यावरून घणाच्या आवाजाची सवय होते, असा निष्कर्ष व्यवस्थापनाने काढला होता.

१९८३ साली एक सरकारी तपासनीस आला. त्याने यंत्राने आवाज मोजला आणि आकडा मॅनेजरसाहेबांना सांगितला. तो त्यांना ऐकू गेला नाही, म्हणून त्याने कागदावर लिहून दिला. तीन महिन्यांत उपाय करा, नाहीतर हॅमर शॉप बंद करावं लागेल, असं त्यात होतं.

साहेबांनी शांतपणे विचार केला. आवाज कमी करायचा म्हणजे घण हळू मारायचा. घण हळू मारला तर लोखंड वाकणार नाही. लोखंड वाकलं नाही तर देश वाकेल. तेव्हा आवाज कमी करणं हा उपाय होऊच शकत नव्हता. राहिला दुसरा उपाय. कामगारांच्या कानात त्याहून चांगला आवाज घालायचा. प्रत्येकाला हेडफोन द्यायचा, मध्ये एक टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि पाळीभर गाणी लावायची. बाजारात हेडफोन अनेक, म्हणून त्यांतला उत्तम निवडण्यासाठी ‘वैयक्तिक हेडफोन तुलना व क्रमनिश्चिती उपसमिती’ नेमण्यात आली. आवाजाला साठ गुण, आरामाला चाळीस.

उपसमितीत चार सदस्य होते. अध्यक्ष तात्या पोतनीस, स्टोअरचे प्रमुख. यांनी तीस वर्षांत डोक्यावरची काळी टोपी कोणासमोर काढलेली नव्हती. सचिव सुनीती दिघे, वेलफेअर ऑफिसर. तिसरे सल्लागार म्हणून साहेबांचे मेहुणे. यांच्याकडे मस्कतहून आलेला वॉकमन होता आणि हीच त्यांची पात्रता. चौथा कामगार प्रतिनिधी, हॅमर शॉपमधला नागू सोनावळे. त्याची निवड एकमताने झाली, कारण अठरा वर्षांत त्याने आवाजाबद्दल एकदाही तक्रार केलेली नव्हती.

शेवटची सात वर्षं तक्रार न करण्याचं कारण साधं होतं. नागूला तो आवाज ऐकू येत नव्हता. कोणताच येत नव्हता.

ही गोष्ट फक्त त्याच्या बायकोला, चिमाला ठाऊक होती. कारखान्यात ती कळून चालणार नव्हतं. त्याच्या शेजारच्या घणावरचा दामू कानाच्या तपासणीत नापास झाला, तेव्हा त्याला आधी हलकं काम मिळालं, मग त्याहून हलकं, आणि शेवटी इतकं हलकं की त्यासाठी कारखान्यात यायची गरजच उरली नाही. तेव्हापासून नागू माणसांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायला शिकला. साहेब बोलला की मान डोलवायची. सगळे हसले की हसायचं. लौजीला, त्याच्या गावच्या विहारात, वंदना म्हणताना तो सगळ्यांच्या मागे एक ओळ राहायचा. गावाने त्याचा अर्थ असा लावला, की नागू प्रत्येक शब्द मनात मुरवून मग म्हणतो. त्याला दोन वर्षं वंदनेच्या पहिल्या रांगेत बसवलं होतं.

नेमणुकीचं पत्र घेऊन तो सायकलवरून घरी आला तो घामाघूम होऊन. चिमा चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. त्याने पत्र तिच्यापुढे धरलं. तिने पीठभरल्या हाताने त्याला समोर बसवलं, म्हणजे तिचं तोंड त्याला नीट दिसेल.

“सांगून टाका,” ती म्हणाली.

“दामूवानी घरी बसंन.”

चिमाने भाकरी उलटली. मग त्याच्याकडे वळून एकेक शब्द तोडून सांगितलं, “मंग त्या मेहुण्याच्या तोंडाकडं बघा. त्यांचं तोंड फुललं की गुन वाढवा. आंबलं की कमी करा. तिथं कानाचं काम नाय.”

परीक्षण शनिवारी दुपारी ऑफिसच्या वरच्या खोलीत झालं. टेबलावर एक टेपरेकॉर्डर आणि मुंबईहून आणलेले पाच हेडफोन होते, त्यांना अ, ब, क, ड, इ अशा चिठ्ठ्या लावलेल्या. एकाच सुराची गोडी सगळ्यांना कळावी म्हणून एकच कॅसेट होती आणि एकेकाने पाळीपाळीने ऐकायचं होतं.

उपसमितीने काम फार गांभीर्याने केलं, हे मान्य केलं पाहिजे. तात्यांनी पाचही हेडफोन टोपीवरून लावले आणि आरामाचे गुण प्रामाणिकपणे टोपीच्या वतीने दिले. सुनीतीबाईंनी प्रत्येक हेडफोन अंबाड्याच्या वर, खाली आणि मधून असा तीन प्रकारे लावून सरासरी काढली. मेहुणे मात्र डोळे मिटून ऐकत. ‘अ’मध्ये त्यांना खर्ज गोल लागला. ‘ब’मध्ये सूर खोलीत होते, पण खोलीला खिडकी नव्हती. ‘ड’मधली गायिका जरा डावीकडे उभी होती. सुनीतीबाई हे सगळं लिहून घेत होत्या.

नागूने मेहुण्यांचं तोंड सोडलं नाही. त्यांची भुवई चढली की सहा गुण जास्त, मान डोलली की आठ. फक्त ‘क’च्या वेळी त्याचं लक्ष उडालं.

‘क’ सगळ्यांनी नाकारलेला होता. जाड रबराच्या दोन वाट्या, हातात घेतला की अर्ध्या शेराचं वजन. तात्यांची टोपी त्याच्याखाली चेंगरली, सुनीतीबाईंच्या कानामागे घाम आला, मेहुण्यांनी तो दोन बोटांत धरून ‘हा विमानतळावरच्या हमालांचा’ म्हणून खाली ठेवला. शंभरात एकवीस. नागूने तो कानांवर चढवला. त्याच्यासाठी जग आधीच बंद होतं, तरी रबराच्या कडा गालफडाला चिकटल्यावर त्याला एक गोष्ट कळली. खालच्या हॅमर शॉपचा घण कानांतून येत नसला, तरी जबड्यातून, दाढांतून त्याला सतत जाणवत असे. ‘क’ लावल्यावर दाढांतला हादरासुद्धा निम्मा झाला. नागूने तो नेमून दिलेल्या पाच मिनिटांऐवजी नऊ मिनिटं काढला नाही. पहिल्या वर्षी हे डोक्यावर असतं, तर आज चिमाला पिठाचे हात घेऊन समोर बसावं लागलं नसतं, एवढंच त्याच्या मनात फिरत होतं.

शेवटी ‘इ’ आला. पोलादाची नाजूक पट्टी, नारिंगी स्पंज, वजन पिसासारखं. मेहुण्यांनी तो लावला, डोळे मिटले आणि त्यांचं तोंड फुललं. याला म्हणतात शांत सूर, असं ते म्हणाले. आवाजाचे साठात सत्तावन्न गुण. तात्यांनी पंचावन्न दिले, सुनीतीबाईंनी छप्पन्न.

नागूची पाळी आली तेव्हा त्याने सवयीने टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. (बहिऱ्या माणसाला सगळीकडे बघायची सवय लागते.) कॅसेटची चाकं फिरत नव्हती. ‘ड’ संपतानाच ती बाजू संपली होती, आणि खालचा घणही तेव्हापासून चहाच्या सुट्टीत थांबलेला आहे, हे त्याच्या दाढांना कळत होतं. ‘इ’ लावून तिघांनी पाच-पाच मिनिटं काहीही ऐकलेलं नव्हतं, आणि तेच त्यांना सगळ्यात गोड लागलं होतं.

‘इ’ला शंभरात शहाण्णव मिळून पहिला क्रमांक जाहीर झाला. ‘इ’चे एकशेचाळीस नग मागवण्याचा ठराव सुनीतीबाई लिहू लागल्या. नागूला त्या स्पंजकडे बघवेना. त्यातून घण पाण्यासारखा आत जाणार होता आणि खाली शॉपमध्ये अजून कान शाबूत असलेली माणसं होती. तो उभा राहिला.

“मला आयकू येत नाय,” तो म्हणाला. “सात वर्सं झाली. हॅमरनं गेले कान. पोरांना क द्या.”

मग मेहुण्यांनी विचारलं, की मग पाच हेडफोनना गुण कसे दिले?

“तुमच्या तोंडाकडं बघून. आनि शेवटच्याला टेप फिरतच नव्हती.”

तात्या पोतनीस हे अनुभवी गृहस्थ होते. त्यांनी टोपी सरळ केली आणि चर्चेला दिशा दिली. टेप बंद होती असं कोण म्हणतं? सोनावळे. त्यांना गाणं ऐकू आलं नाही. का नाही आलं? कारण ते स्वतःच म्हणतात, की त्यांना ऐकू येत नाही. तेव्हा टेप चालू होती, हे त्यांच्याच बोलण्यावरून सिद्ध होतं. हा कार्यवृत्तातला मुद्दा क्रमांक सहा.

मग सुनीतीबाईंनी नियम दाखवला. सदस्य ऐकू शकत नसेल तर उपसमितीत तीनच सदस्य उरतात, गणसंख्या चार, म्हणून अहवाल रद्द. आणि तपासनीस सोमवारी येणार. तेव्हा मुद्दा क्रमांक सात असा लिहिला गेला: कामगार प्रतिनिधी श्री. सोनावळे यांची श्रवणशक्ती उत्तम असल्याचे उपसमिती एकमताने ठरवीत आहे. (सहा आणि सात एकाच पानावर आहेत. दोन्हींच्या खाली त्याच चार सह्या आहेत.) एकमतासाठी नागूची सही लागत होती. त्याने तात्यांच्या ओठांकडे पाहिलं. ते ‘नोकरी’ म्हणत होते. त्याने सही केली.

त्या दिवसापासून नागू सोनावळे यांना ठरावाने ऐकू येऊ लागलं.

सोमवारी तपासनीस आला. साहेबांनी त्याला हेडफोन दाखवलेच नाहीत, नागूला दाखवलं. अठरा वर्षं घणाशेजारी उभा असलेला माणूस, आणि हे मुद्दा क्रमांक सातवरून केलेलं त्याचं श्रवणशक्तीचं प्रमाणपत्र. तपासनीसाने प्रमाणपत्र वाचलं, नागूला दोन प्रश्न विचारले, नागूने दोन्हींना मान डोलवली. हॅमर शॉपच्या आवाजाने कोणाच्याही कानाला इजा होत नाही, असा शेरा मारून त्याने फाईल बंद केली. मग हॅमर शॉपला हेडफोनची गरजच उरली नाही. ‘इ’चे एकशेचाळीस नग ऑफिसात वाटले गेले, कारण वरपर्यंत घणाचा आवाज येतो अशी ऑफिसची जुनी तक्रार होती.

त्या संध्याकाळी नागू जेवला नाही. चिमाने कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, “माजेच कान दाखवून बाकीच्यांचे कान नेले गं.” चिमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्टोअरमध्ये गेला. ‘क’चा नमुना कोणी नेलेला नव्हता, तो त्याने आठवण म्हणून मागितला. तात्यांनी आनंदाने दिला. वर सहीही घेतली. नागूने त्याची वायर मुळापासून कापून टाकली आणि तो हॅमर शॉपच्या खुंटीला अडकवला. त्याच्या घणावर त्याच्याखेरीज सातजण होते. तासाला एक, अशी पाळी त्यांनी आपसांत लावली. नागूने आपली पाळी घेतली नाही. सातात एक म्हणजे कान सातव्या हिश्श्याने वाचले, असं गणित एकाने मांडलं, ते कोणी खोडलं नाही. पुढल्या वर्षी त्यांनी आपल्या हाताने रबराच्या टायरट्यूबच्या अजून तीन जोड्या केल्या. त्यांचं परीक्षण झालं नाही.

प्रमाणपत्राची बातमी मात्र खोपोलीतून कर्जतपर्यंत गेली. कारखान्याने तपासलेला, सरकारने मानलेला कान! ज्यांच्या घरी आखातातून वॉकमन आला होता, ते रविवारी लौजीला यायला लागले. आपला हेडफोन चांगला, की मेव्हण्याचा, की शेजाऱ्याचा, हे सोनावळ्यांनीच सांगावं. नागू टाळायचा, पण माणसं ओसरीतच बसत. मग तो हेडफोन लावायचा, मालकाच्या तोंडाकडे बघायचा आणि त्याला जो आवडलाय त्यालाच पहिला नंबर द्यायचा. एकही माणूस नाराज होऊन गेला नाही. त्याचा निकाल कधी चुकत नाही, अशी ख्याती झाली.

गेल्या चार वर्षांत, चिमाच्या मोजणीने, दोनशे अकरा माणसं येऊन गेली. प्रत्येकाने आपल्या हेडफोनबद्दल सरासरी वीस मिनिटं सांगितलं. समोरचा माणूस बहिरा आहे, हे त्यांतल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. ते यायला त्याला काही विचारून, तो काय म्हणतो याची वाट बघावी लागली असती, आणि तेवढ्यासाठी कोणी लौजीला येत नाही.

तुम्हाला यायचं असेल तर रविवारी दहानंतर या. तुमच्या हेडफोनलाही पहिला नंबर मिळेल, काळजी नसावी. तुम्ही काही वेगळे निघाल अशी चिमाची अपेक्षा नाही. दोनशे बाराव्याचं चहाचं आधण तिने ठेवलंच आहे.