टिपणीस आणि एम.एस्सी.च्या अटी

एका शनिवारी सकाळी, दुबईत, आमच्या ऊद मेथाच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, मी टिपणीसांना कडुनिंबाच्या झाडाला मिठी मारलेली पाहिली. वय अठ्ठावन्न, जबल अलीतल्या एका गोदामाचे मॅनेजर, कडक इस्त्रीची पँट, आणि दोन्ही हात झाडाभोवती. मी जागच्या जागी थिजलो. माणसाला ऊन बाधलं असणार असं वाटून गाडीतली पाण्याची बाटली घेऊन धावलो.

"पाटकर, बरे आलात," झाडाला गाल तसाच चिकटवून टिपणीस म्हणाले. "टेप पलीकडून निसटतेय. जरा धरा."

शिंप्याकडे असते तसली टेप होती. झाडाचा घेर माणसाच्या छातीच्या उंचीवरच मोजायचा असतो, ही माहिती मला त्या दिवशी नको असताना मिळाली. मी टेप धरली, त्यांनी आकडा वहीत लिहिला आणि मग बातमी दिली. "एम.एस्सी. फॉरेस्ट्री. अ‍ॅडमिशनची तयारी चाललीय."

"फॉरेस्ट्री? इथे? आणि या वयात?"

"वयाची अट नाहीये. मी सगळी पानं वाचली. रिक्वायरमेंट इज रिक्वायरमेंट, साहेब."

मला धक्के लवकर बसतात आणि बसले की ते एकट्याने सोसवत नाहीत. संध्याकाळपर्यंत मी ही बातमी लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितली. दुसऱ्या दिवशी सगळी बिल्डिंग त्यांना 'जंगल टिपणीस' म्हणू लागली.

टिपणीसांना त्याचं काही नव्हतं. लिफ्टमध्ये कोणी डिवचलं की ते चौथ्या मजल्यापर्यंत अटींची यादी म्हणून दाखवायचे. आधीची पदवी, तीही शिक्क्यांसह. संख्याशास्त्राचा पेपर. झाडांच्या पाहणीचा अहवाल. तोंडी परीक्षा. मग कोर्सवर्क, तीन प्राध्यापकांची सल्लागार समिती, शेवटी प्रबंध. पुढेपुढे त्यांना सगळीकडे अटीच दिसायला लागल्या. आमच्याकडे चहाला आले आणि बायकोने बिस्किटं पुढे केली, तर म्हणाले, "वहिनी, बिस्किटं ऑप्शनल. चहा कंपल्सरी."

त्यांची बायको सुलभाताई अशा वेळी शेजारी गप्प बसून असायच्या. इतक्या गप्प, की त्या आल्या होत्या हे आम्हाला कप मोजताना आठवायचं.

मग तो खजुराचा प्रकार झाला. आमच्या मागच्या रस्त्यावर एक उंच, देखणा खजूर आहे. टिपणीसांनी तो ओळीने पाच शनिवार मोजला. घेर एकशे चाळीस, वाढ शून्य. शेरा, 'पाणी कमी पडत असावं.' म्हणून ते घरून दोन बाटल्या पाणी नेऊन त्याच्या बुंध्याशी ओतायचे. सहाव्या शनिवारी माझी मुलगी रिया बरोबर होती. तिने वर पाहिलं आणि किंचाळली, "अंकल, दॅट्स अ मोबाइल टॉवर!"

खरंच होता. इकडे टॉवरला खजुराचं सोंग देतात. झावळ्या प्लास्टिकच्या, खोड लोखंडाचं. मला हसावं की घाबरावं कळेना. पाच आठवडे हा मनुष्य मोबाइल टॉवरला पाणी घालत होता! टिपणीसांनी शांतपणे वही उघडली आणि त्या ओळीवर काट मारली. मी डोकावलो. समासात हिरव्या शाईत बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'खजुराचं खोड असं जाड होत जात नाही. आणि सगळ्या झावळ्या एकाच मापाच्या कशा? नीट बघा.' कुणीतरी प्राध्यापक वही तपासत असणार, असं मी धरून चाललो.

नंतर एकदा कुरियरवाला आला तेव्हा टिपणीसांच्या घरी कोणी नव्हतं, म्हणून वॉचमनने लिफाफा आमच्याकडे दिला. महाराष्ट्रातल्या कुठल्याशा कॉलेजातून आला होता. वर 'एम.एस्सी. वनशास्त्र, प्रथम वर्ष, जुनी गुणपत्रिका' असं लिहिलेलं आणि खाली नाव, सौ. सुलभा विश्वास टिपणीस.

मी ते नाव तीनदा वाचलं. संध्याकाळी लिफाफा घेऊन गेलो तर टिपणीस एकटेच होते. माझा चेहरा पाहून त्यांनी मला आत ओढलं आणि दार लावलं.

"एक वर्ष झालं होतं तिचं," ते म्हणाले. "लग्न झालं, मला इथला व्हिसा आला. मी म्हटलं, दोन वर्षं राहू, मग परत येऊन पुरं कर. अठ्ठावीस वर्षं झाली, पाटकर. जुने क्रेडिट खलास. आता पहिल्यापासून. झाडं मी मोजतो, वही ती तपासते."

"मग तुम्ही शिकताय असं का सांगितलंत?"

"मी कधी सांगितलं? मी म्हटलं, तयारी चाललीय. बाकीचं तुम्ही लिफ्टमध्ये सांगितलंत."

"अहो, पण सगळे तुम्हाला हसतायत!"

"हसू दे की. नाही मिळाली अ‍ॅडमिशन, तर लिफ्टमध्ये तिला कोणी 'काय झालं हो' म्हणून विचारायला नको. मला विचारा. मी गोदामातला माणूस, मला काय होतंय?"

मला माझीच लाज वाटली. इतकी, की पुढचे कित्येक दिवस मी जिन्यानेच येत-जात होतो.

जिन्यातच ते मला जूनमधल्या एका सकाळी सापडले. पायरीवर बसले होते, घामाने शर्ट भिजलेला. आत सुलभाताईंची ऑनलाइन तोंडी परीक्षा चालू होती. "मी आत असलो की उत्तर द्यायच्या आधी ती माझ्याकडे बघते. मला काय डोंबल येतंय!" मीही शेजारी बसलो. पाऊण तासाने दार उघडलं. सुलभाताई दारात उभ्या, अंगावर कडक खळीची साडी, डोळे भरलेले.

"अहो, घेतलं मला."

टिपणीस ताडकन उठले.

"पण दोन वर्षं तिथेच राहायला हवं," त्या म्हणाल्या. "जंगलातलं काम ऑनलाइन होत नाही. सहा महिन्यांत एकदा व्हिसा टिकवायला इथे येईन तेवढंच. तुमचं कसं होणार? नाही म्हणून कळवू का?"

"कळवू का म्हणे! रिक्वायरमेंट इज रिक्वायरमेंट. पहिल्याच पानावर होती ती अट. मी जानेवारीतच वाचलीय." मग ते मोठ्यांदा हसले. "आपण पुन्हा बॅचलर! यल्ला, चल, आधी बहिणीला फोन कर."

सहा महिने हा मनुष्य सगळं माहीत असून स्वतःच्या हाताने स्वतःचं घर रिकामं करत होता.

सुलभाताई फोन करायला आत गेल्या. त्यांचा आवाज कानावर आल्यावर टिपणीसांनी माझी बाही धरून मला दोन पायऱ्या खाली नेलं.

"पाटकर, एक काम करा. वहिनींना विचारून सांगा, तुरीच्या डाळीला कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या. हिला विचारलं, तर ही जायची नाही."