परबनानांचा फळा

लालबागच्या आमच्या चाळीत जिन्याखाली एक फळा आहे. त्यावर सेक्रेटरी लिहितो आणि परबनाना पुसतात. 'तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा खंडित राहील' असं दिसलं, की नाना खडू घेऊन हजर. "म्हणजे करायचं काय?" असं फळ्यालाच विचारतात आणि ते पुसून लिहितात, 'उद्या नळाला पाणी नाही. आजच भरून ठेवा.'

सेक्रेटरी जाम चिडतो. नाना ढिम्म.

माझ्या भावाच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले, तर 'आपले आगमनाभिलाषी'वर बोट ठेवून म्हणाले, "काय गो, 'जेवायला या' असं लिहायला लाज वाटते?" मी हसले. पण आईनं ते ऐकलं आणि लग्न होईपर्यंत तिला एकच घोर, लोकांना कळलंच नाही तर? आमचं घराणंच मेलं काळजीवाहू. मीही त्यातलीच.

नानांच्या ह्या वेडाचं मूळ मिलमध्ये. गेटवरचा फळा ते लिहायचे. एकदा साहेबानं दिलेला जड मजकूर त्यांनी वळणदार अक्षरात जसाच्या तसा उतरवला. मिल बंद झाली होती, पण ते कुणाला उमगलंच नाही. चार दिवस माणसं डबे घेऊन गेटवर येत राहिली. "माझ्या अक्षराचं कौतुक करत होते गो," एवढंच नाना सांगतात.

परवा रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. मोबाईल पुढे केला. "नाशिकला शोभाला पाठवायचंय. वाचून बघ."

शोभा त्यांची एकुलती एक मुलगी. मी वाचलं. 'चि. शोभास अनेक आशीर्वाद. येथे सर्व क्षेम. बुधवारी एक किरकोळ शस्त्रक्रिया योजिली आहे. सवडीने यावे.'

किरकोळ! अहो, नानांची बायपास होती, अख्ख्या चाळीला ठाऊक होतं! मंगळवारी अ‍ॅडमिट व्हायचं होतं. शोभा हे वाचून नेहमीसारखे जोडलेले हात पाठवणार आणि आपल्या कामाला लागणार. मग इथे सही कोण करणार? ऑपरेशनच्या वेळी बाहेर कोण बसणार?

"नाना," मी जवळजवळ ओरडलेच, "म्हणजे तिनं करायचं काय?"

नाना सदऱ्याच्या खिशातला खडू चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले, "यायचं गो. भीती वाटते मला."

मी तेवढंच टाइप केलं. 'शोभा, बुधवारी माझी बायपास आहे. मला भीती वाटते. ये.' ते "थांब, थांब" म्हणेपर्यंत पाठवूनही टाकलं.

मग आम्ही दोघं मोबाईलकडे बघत बसलो. तिनं पाहिलंच नाही तर? रागावली तर?

उत्तर आलं ते एका शब्दाचं. 'निघाले.'

नानांनी चष्मा पुसला. दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे ती येतेय, नाना."

"परत सांग," ते म्हणाले.